वाळवंटातल्या ग्लायडिंग स्पर्धेचा हवामान अंदाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनाशिवाय उडणाऱ्या ग्लायडरच्या स्पर्धेला पहिल्यांदा उतरणारे पायलट, त्यांच्या मदतीला आलेली मंडळी आणि ब्रीफिंगमध्ये मागे बसून ऐकणारे हौशी, यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वाळवंटात रोज ऊन पडतं. मग रोजचा अंदाज कशासाठी?

ऊन रोजचं असलं तरी दिवस रोज वेगळा असतो. इथे थर्मल, म्हणजे ग्लायडरला वर नेणारे तापलेल्या हवेचे झोत, मिळतील की नाही, हा प्रश्न क्वचितच पडतो. खरे प्रश्न तीन: किती वाजता सुरू होणार, किती उंच जाणार आणि कशाने संपणार. टास्क, म्हणजे त्या दिवशी उडायचा मार्ग, ३०० किलोमीटरचं द्यायचं की ६००चं, हे यावर ठरतं. छोटं दिलं तर उत्तम दिवस वाया जातो. मोठं दिलं आणि दुपारी हवा बिघडली, तर निम्मे पायलट अशा जागी उतरतात जिथे रस्ता नाही, सावली नाही आणि ग्लायडर न्यायला येणारा ट्रेलर पोहोचायला रात्र होते. म्हणून तीनपैकी ‘कशाने संपणार’ याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो.

२. थर्मल किती उंच जाणार, हे काढतात कसं?

पहाटेच्या हवामान बलूनने मोजलेलं तापमान उंचीनुसार आलेखावर मांडायचं. मग दुपारच्या अपेक्षित कमाल तापमानापासून वर एक रेघ ओढायची. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते, तोच या रेघेचा उतार. ती मोजलेल्या तापमानाच्या रेषेला जिथे छेदते, तिथपर्यंत थर्मल जातो. प्रत्यक्षात पायलट त्याच्या थोडं खालीच थांबतो, कारण शेवटचे काहीशे मीटर चढ मंदावतो.

वाळवंटात या आकडेमोडीत एक खोच आहे. वरच्या थरात तापमान किलोमीटरला ६ अंशांनी उतरत असेल, तर जमिनीवरचा १ अंश जास्त म्हणजे सुमारे २६० मीटर जास्त उंची. पण वाळवंटावर ते बरेचदा ८ अंशांच्या आसपास उतरतं. मग तोच १ अंश साधारण ५५० मीटर देतो. कमाल तापमानाचा अंदाज दोन अंशांनी चुकला की उंची किलोमीटरभर हुकली. म्हणून ‘आज ४२०० मीटर’ असा एकच आकडा सांगणाऱ्यापेक्षा ‘३९ अंश झाले तर ३७००, ४० झाले तर ४२००’ असं सांगणारा अंदाज मला जास्त प्रामाणिक वाटतो. पायलटला थर्मामीटर पाहून दिवसाचा ताळा घेता येतो.

३. ब्रीफिंगमध्ये ‘ट्रिगर तापमान’ सांगतात ते काय? आणि दहा वाजता कडक ऊन असून ग्रिडवर (उड्डाणासाठी लावलेल्या ग्लायडरच्या रांगेत) थांबवून का ठेवतात?

रात्री वाळवंटाची जमीन झपाट्याने थंड होते. कोरड्या आकाशातून उष्णता निघून जाते आणि जमिनीलगत गार हवेचा थर बसतो. त्याच्यावरची हवा त्याहून उबदार असते. हे इन्व्हर्जन. सकाळचं ऊन आधी हा थर तापवण्यात खर्च होतं, तोवर थर्मल तीन-चारशे मीटरवरच अडतात. ज्या तापमानाला हा थर पूर्ण फुटतो आणि उपयोगी उंची मिळते, ते ट्रिगर तापमान.

इन्व्हर्जनच्या वर बहुतेक वेळा आदल्या दिवशीचा घुसळलेला थर तसाच शिल्लक असतो, कधी तीन किलोमीटर जाडीचा. खालचं झाकण उघडलं की थर्मलला वर अडवणारं काहीच नसतं. त्यामुळे वाळवंटात उंची हळूहळू वाढत नाही, उडी मारते. अकरा वाजता ६०० मीटर आणि पाऊण तासाने २५०० मीटर, असं होऊ शकतं. ग्रिडवरची घालमेल समजू शकते, पण उडीच्या आधी सोडलेली ग्लायडर एकाच लहान थर्मलमध्ये गर्दी करतात. ती गर्दी उशिरापेक्षा कितीतरी धोक्याची.

ट्रिगर तापमान आलं की नाही, हे कागदावर न ठरवता एक ग्लायडर आधी वर पाठवून पाहतात. त्या पायलटचा रेडिओवरचा आवाज त्या घडीला संगणकाच्या कुठल्याही मॉडेलपेक्षा जास्त मोलाचा.

४. ढग दिसतील की निळा दिवस असेल?

जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) यांच्यातला फरक १२५ने गुणा. ढगांचा तळ जमिनीपासून साधारण तितके मीटर उंच. तापमान ३८ आणि दवबिंदू ६ असेल, तर फरक ३२, म्हणजे तळ ४००० मीटरवर. आता प्रश्न २ मधली उंची काढा. थर्मल ४००० मीटरच्या वर जात असेल तर ढग, नाहीतर निळं आकाश.

सकाळचा दवबिंदू मात्र या हिशेबात वापरू नका. थर्मल सुरू झाले की वरची कोरडी हवा खाली मिसळते आणि दुपारी दवबिंदू बराच उतरतो. सकाळच्या आकड्यावर काढलेला तळ खोटा खाली येतो.

५. चढण्याचा वेग किती मिळेल? जास्त उंची म्हणजे जास्त वेग ना?

संबंध आहे, पण सरळ नाही. जमिनीतून हवेला मिळणारी उष्णता आणि थराची जाडी यांच्या गुणाकाराचं घनमूळ, अशा सूत्राने थर्मलचा वेग काढतात. त्यामुळे जाडी दुप्पट झाली तरी वेग सुमारे २६ टक्केच वाढतो. भर दुपारी दर चौरस मीटरला ३०० वॅट उष्णता आणि ४ किलोमीटरचा थर धरला तर सूत्र सेकंदाला ३.४ मीटरच्या आसपास देतं. त्यातून घिरट्या घालताना ग्लायडरचं खाली येणं, साधारण १ मीटर, वजा करा. हा सर्वसाधारण आकडा झाला. अंदाजाच्या नकाशावर २.४ दिसलं म्हणून ४चा थर्मल मिळणार नाही असं नाही. स्पर्धा जिंकणारे चांगलेच थर्मल निवडतात आणि बाकीचे सोडून देतात.

६. जमीन कशी आहे याने फरक पडतो का? वाळू सगळीकडे सारखीच तापत असेल.

खूप पडतो. वाळवंटाची ताकद कोरडेपणात आहे: पाणी नसल्याने बाष्पीभवनात ऊन खर्ची पडत नाही, जवळजवळ सगळं हवा तापवण्यात जातं. पण पांढरी मिठागरं आणि कोरड्या तळ्यांचे फिके तळ बरंचसं ऊन परावर्तित करतात, तिथे थर्मल उशिरा आणि कमजोर. काळे खडक आणि सूर्याकडे तोंड केलेले डोंगरउतार लवकर जागे होतात. उंच पठारावरचा थर्मल दरीतल्यापेक्षा आधी सुरू होतो, शिवाय त्याची सुरुवातच वरून असते.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे काल पाऊस पडून गेलेला पट्टा. वरून पाहिलं तर आकाश स्वच्छ, ऊन लख्ख, पण जमीन ओली असल्याने ऊन वाफ करण्यात संपतं. वादळाने भिजवलेल्या चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात दुसऱ्या दिवशी शिरलेलं ग्लायडर तिथेच उतरताना दिसतं. कालचा पाऊस कुठे पडला याचा रडार नकाशा म्हणून रोज ब्रीफिंगमध्ये दाखवायलाच हवा. पाणी दिलेल्या शेतांवरही हाच परिणाम, लहान प्रमाणात.

७. वारा किती चालतो?

थोडा वारा हवाच. थर ओलांडून वाऱ्याची दिशा फारशी बदलत नसेल आणि वेग बेताचा असेल, तर थर्मल वाऱ्याच्या दिशेने रांगांमध्ये लागतात. दोन रांगांमधलं अंतर थराच्या जाडीच्या दोन ते तीन पट. थर ३ किलोमीटरचा असेल तर रांगा ६ ते ९ किलोमीटरवर. टास्कचा लांब टप्पा या रांगांच्या दिशेने ठेवला तर पायलट न घिरटता लांब जातात. आडवा ठेवला तर प्रत्येक दोन रांगांमधली खाली जाणारी हवा ओलांडावी लागते.

उंचीबरोबर वारा झपाट्याने बदलत असेल तर थर्मल फाटतात. नकाशावर चढण्याचा वेग छान दिसतो, पण प्रत्यक्ष थर्मल पकडून ठेवता येत नाही. म्हणून वेगाच्या नकाशाशेजारी उत्प्लावन (गरम हवेचा वर जाण्याचा जोर) आणि वाऱ्याचा बदल यांचं गुणोत्तर दाखवणारा नकाशाही बघावा.

८. धुळीची वावटळ दिसली की सरळ तिच्यावर जायचं का?

उंचीवरून दिसली तर हो, ती खाली थर्मल सुरू असल्याची खूण आहे. वारा असेल तर थर्मल वाऱ्याबरोबर कलतो, म्हणून वावटळीच्या नेमकं वर नाही, वाऱ्याच्या दिशेने थोडं पुढे शोधा. जमिनीजवळ असाल तर तिच्यापासून लांब राहा. खालच्या शे-दोनशे मीटरमध्ये ती ग्लायडर उलथवू शकते, आणि ग्रिडवर न बांधलेल्या ग्लायडरचा पंखही उचलते.

९. रास्प, स्कायसाइट, टॉपमेटिओ ही ग्लायडिंगच्या हवामान अंदाजाची साधनं सगळ्यांच्या फोनवर आहेत. मग स्पर्धेला वेगळा हवामानतज्ज्ञ हवाच कशाला?

ही साधनं उत्तम आहेत, ती जरूर वापरा. पण त्यांच्या मुळाशी असलेल्या मॉडेलला वाळवंटात ठरावीक ठिकाणी ठेच लागते: जमिनीचा ओलावा, कमाल तापमान आणि दवबिंदू. तापमानातली छोटी चूक उंचीत किती मोठी होते, हे प्रश्न २ मध्ये आलंच आहे. तज्ज्ञाचं काम मॉडेल वाचून दाखवणं नाही. कालच्या उड्डाणांशी ते ताडून पाहायचं, आज ते कुठे घसरेल हे सांगायचं आणि किती वाजता काय दिसलं तर अंदाज रद्द समजायचा, हे आधीच ठरवायचं.

बलूनच्या वेळांचाही घोळ असतो. जगभर बलून प्रामुख्याने ०० आणि १२ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार) सोडतात. अमेरिकेतल्या नेवाडात उन्हाळ्यात १२ यूटीसी म्हणजे पहाटेचे पाच, अगदी हवी ती वेळ. नामिबियात तेच दुपारचे दोन, म्हणजे सकाळच्या निर्णयाला निरुपयोगी. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात ०० यूटीसी म्हणजे सकाळचे दहा-अकरा, तोवर खालचा थर तापून गेलेला असतो. शिवाय बलूनचं ठाणं दोनशे किलोमीटर लांब असू शकतं. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे सकाळी टो विमानाला (ग्लायडर ओढून वर नेणाऱ्या विमानाला) थर्मामीटर लावून दोन-तीन हजार मीटरपर्यंत न्यायचं आणि दर शंभर मीटरला तापमान लिहून आणायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्या दिवसाची त्याच मैदानावरची हवा हातात येते.

१०. खाली एक थेंबही पडत नाही, तरी त्या ढगांना इतकं का घाबरायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

वाळवंटात ढगांचा तळ चार-पाच किलोमीटरवर असतो. त्यातून पडणारा पाऊस खालच्या तापलेल्या कोरड्या हवेत विरतो. ढगाखाली लोंबणाऱ्या राखाडी झालरी दिसतात, त्यांना विर्गा म्हणतात. थेंब विरताना हवेतली उष्णता शोषली जाते, हवा गार आणि जड होते आणि खाली कोसळते. थर कोरडा असल्याने ती खाली येईपर्यंत तिला अडवणारं काही नसतं. जमिनीवर आपटली की चहूबाजूंनी पसरते. याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. वादळांचे अभ्यासक फुजिता यांच्या व्याख्येनुसार त्याचा विस्तार ४ किलोमीटरपेक्षा कमी आणि जोर जेमतेम काही मिनिटांचा. १९८२मध्ये डेन्व्हरजवळ झालेल्या मोठ्या मोजणी मोहिमेत असे कोरडे मायक्रोबर्स्ट भरपूर सापडले.

सगळ्यात अवघड गोष्ट ही, की उत्तम ग्लायडिंगचा दिवस आणि हा दिवस आलेखावर जवळजवळ एकसारखे दिसतात. ढगाच्या तळापर्यंत कोरड्या उताराची रेघ, खाली तापमान-दवबिंदूत मोठी फट, वर जाताना ती फट मिटत गेलेली. हाच उलटा ‘व्ही’ तुम्हाला ४००० मीटर देतो आणि हाच तुमच्या डोक्यावर हवा ओततो. फरक असतो तो ढगाच्या तळाच्या वर: तिथे पाऊस तयार होण्याइतका ओलावा आणि अस्थिरता आहे का. म्हणून फक्त थर्मलची उंची पाहून टास्क ठरवू नये, त्याच्या वरचे दोन-तीन किलोमीटरही वाचावेत.

कोसळलेली हवा एका जागी राहत नाही. वादळापासून पन्नास किलोमीटर पुढेही वाऱ्याचा लोंढा जातो, पुढ्यात धुळीची भिंत घेऊन. भिंतीच्या पुढच्या कडेवर हवा वर उचलली जाते आणि तिथे चढ मिळतो, हे खरं आहे. त्या मोहात घराकडची वाट तुटते. लोंढा गेल्यावर मागे गार, जड हवा उरते आणि त्या भागातले थर्मल काही तास मरतात. मैदानावर लोंढा आला असेल तर वारा कुठल्याही दिशेने फिरू शकतो. अशा वेळी मैदानाच्या हट्टापेक्षा पन्नास किलोमीटर अलीकडची धावपट्टी शहाणपणाची.

११. टास्क कधी बदलतात? पायलटांना ऐनवेळी का सांगतात?

ब्रीफिंगमध्ये बहुधा दोन टास्क तयार असतात, मुख्य आणि पर्यायी. अंदाज डळमळीत असेल तर पर्यायी टास्क लहान किंवा क्षेत्र ठरवून दिलेलं असतं, ज्यात पायलट वादळाला वळसा घालून क्षेत्रात हवं तिथून परतू शकतो. वादळाच्या शक्यतेच्या दिवशी क्षेत्राचं टास्क द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ठरलेल्या बिंदूंच्या शर्यतीत एखादा बिंदू झालरीखाली आला, तर नियम पायलटला नेमका तिथेच ढकलतो.

१२. उन्हामुळे टो घेताना विमान चढतच नाही असं वाटतं. भास आहे का?

भास नाही. गरम हवा विरळ असते. १००० मीटर उंचीवरच्या मैदानात ४० अंश तापमान असेल, तर विमानाला हवा सुमारे २१०० मीटरवर असल्यासारखी लागते. इंजिनची ताकद कमी, पंखांना लागणारा वेग जास्त, धावपट्टी जास्त खर्च होते. ग्लायडरच्या टाक्या बॅलास्टच्या (वजन वाढवण्यासाठी घेतलेल्या) पाण्याने भरलेल्या असतील तर आणखी. म्हणून अंदाजात टोच्या वेळेचं तापमान वेगळं लिहावं, फक्त दुपारचं कमाल नव्हे.

१३. पाच हजार मीटरवर थंडी किती? ऑक्सिजन कधी लागतो?

प्रश्न १२ मधल्या मैदानातून ४० अंशांत निघालात, तर समुद्रसपाटीपासून ५००० मीटरवर तापमान १ अंशाच्या आसपास. म्हणजे भर उन्हाळ्यातही त्याच्या थोडं वर गोठणबिंदू. शेपटीच्या टाकीत पाणी असेल तर ही पातळी अंदाजात सांगावी लागते, कारण पुढचं पाणी सुटून मागचं गोठलं तर ग्लायडरचा तोल बिघडतो. ऑक्सिजनचे नियम देशागणिक वेगळे. अमेरिकेत १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहिल्यास आणि १४,००० फुटांच्या वर सतत तो घ्यावाच लागतो. वाळवंटात दिवसभर त्या उंचीवर असता, त्यामुळे नियमापेक्षा लवकर सुरू करा.

अजून एक: उंचीवर खरा वेग दर्शकापेक्षा जास्त असतो. ४००० मीटरवर दर्शक १५० दाखवेल तेव्हा खरा वेग १८०च्या घरात. कमाल वेगाच्या मर्यादेचा तक्ता उंचीप्रमाणे पाहायचा असतो.

१४. तापमान गाठलं, आकाश साफ, तरी थर्मल नाहीत. असं का होतं?

नेहमीचे गुन्हेगार चार. पहिला, पातळ सिरस ढगांचा पडदा: डोळ्याला नगण्य वाटतो, पण जमिनीचं तापणं कमी करतो. दुसरा, हवेतली धूळ किंवा वणव्याचा धूर, त्याचंही काम तेच. तिसरा, समुद्राकडून आत शिरलेली गार हवा. चौथा, डोंगराच्या आडोशाला तयार झालेली हवेची लहर. लहरीचा उतरता भाग थर्मलना वरून दाबतो आणि वीस किलोमीटरच्या पट्ट्यात काहीच चालत नाही, तर पुढच्या पट्ट्यात अपेक्षेपेक्षा जास्त चढ मिळतो. ओल्या जमिनीचं कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

१५. एका वाळवंटातला अनुभव दुसऱ्यात चालतो का?

अर्धाच. नेवाडात मिंडेनला सिएरा डोंगररांग पश्चिमेला उभी आहे, दुपारनंतर तिकडून वारा उतरतो आणि दरीतली हवा बदलून टाकतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तिथे आणि यूटा-ॲरिझोनात दक्षिणेकडून मान्सूनचा ओलावा येतो, मग प्रश्न १० रोजचा होतो. टेक्ससमधलं युव्हाल्डी, जिथे १९९१ आणि २०१२च्या जागतिक स्पर्धा झाल्या, पुरतं वाळवंट नाही. मेक्सिकोच्या आखातावरून रात्री ढगांचा खालचा थर आत येतो आणि सकाळी तो फुटण्याची वाट पाहावी लागते. नामिबियात अटलांटिकची गार हवा पश्चिमेकडून आत सरकते आणि कोरड्या हवेशी जिथे भिडते, तिथे चढाची लांब रेषा लागते. ती रेषा सापडली तर शेकडो किलोमीटर जवळपास न घिरटता जाता येतं. रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला पडलात तर संपलं.

१६. संध्याकाळी किती वाजेपर्यंत भरवसा ठेवावा?

थर खोल तापलेला असल्याने वाळवंटात शेवटचे दोन तास बरेचदा दिवसातले सर्वात शांत आणि रुंद थर्मल देतात. पण संपणं अचानक असतं. जमीन थंड व्हायला लागली की खालून पुरवठा तुटतो. वर असलेल्याला थोडा वेळ मिळतो, खाली आलेल्याला मिळत नाही. शेवटच्या तासात उंची सोडू नका, वेगाचा मोह आवरा.

१७. अंदाज बरोबर आला की चुकला, हे कोण तपासतं?

प्रत्येक ग्लायडरमधला लॉगर उड्डाणाची जीपीएस नोंद ठेवतो आणि ती संध्याकाळी गुणांसाठी जमा होते. त्याच फायलींमधून कुठे किती वाजता कमाल उंची किती मिळाली, सरासरी चढ किती, वारा कुठला, हे सगळं काढता येतं. पन्नास ग्लायडर म्हणजे दिवसभर फिरणारी पन्नास हवामान केंद्रं. रात्री हे आकडे अंदाजाशेजारी मांडून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी ब्रीफिंगची पहिली स्लाइड तीच दाखवायची: काल काय सांगितलं होतं, काय झालं, आणि आजच्या आकड्यांत त्यामुळे काय बदललं.